मेनोपॉज, थंडी आणि "माझं डोकंच चालत नाही"

तुझं पत्र वाचलं गं. वय ४८, पाळी कधी पंधरा दिवसांत तर कधी तीन महिने गायब, रात्री तीनला घामाने भिजून जाग येते, मीटिंगमध्ये बोलता बोलता साधा रोजचा शब्द आठवत नाही आणि थंडी सुरू झाल्यापासून तर अंथरुणातून उठायचंच जिवावर येतं. घरचे म्हणतात थंडीत सगळ्यांनाच आळस येतो. तुला मनातून धास्ती की हा स्मृतिभ्रंश तर नाही, आणि पत्राच्या शेवटी हळूच विचारलंयस, ताई, नोकरी सोडू का.

नाही. म्हणजे पुढेमागे सोडायची तर सोड, पण हा निर्णय थंडी संपेपर्यंत आणि झोप ताळ्यावर येईपर्यंत लांबणीवर टाक, कारण पहाटे तीनला स्वतःबद्दल जे जे वाटतं त्यातलं निम्मं सकाळी दहाला खरं वाटत नाही.

स्मृतिभ्रंशाचं आधी बोलू. शब्द ओठांवर येऊन अडकणं, आत कशाला आलो ते विसरणं, वाचलेलं परत वाचावं लागणं हे मेनोपॉजच्या, म्हणजे पाळी कायमची थांबण्याच्या, या वयात खूप बायकांना होतं आणि बहुतेकींचं पाळी पूर्ण थांबल्यावर हळूहळू निवळतं. काळजी कधी करायची, तर रोजच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, वर्षानुवर्षं करत आलेलं काम कसं करायचं तेच कळेना, किंवा तुझ्या लक्षात येत नाही पण बाकीच्यांच्या येतंय, तेव्हा. तू तर तारीखवार विसरलेल्या गोष्टींची यादी पाठवलीयस!

होतंय काय, तर इस्ट्रोजेन नुसतं पाळीचं हॉर्मोन नाही, मेंदूतल्या आठवणीशी आणि मूडशी संबंधित रसायनांवरही त्याचा परिणाम असतो. ते वरखाली व्हायला लागलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग फार हळवा होतो, अंग जरासं तापलं तरी घाम फोडतो, म्हणून बाहेरच्या गारठ्यातून गरम खोलीत आलीस किंवा जाड पांघरुणात शिरलीस की भडका. त्याने झोप मोडते आणि मोडक्या झोपेवर कुणाचं डोकं चालेल? वर हिवाळ्यात दिवस लहान, सकाळचा उजेड मिळत नाही, त्यामुळे शरीराचं घड्याळ मागे पडतं. यात आळस कुठे आला?

म्हणून इच्छा व्हायची वाट बघू नकोस, आधी सकाळ धर. उठल्यावर तासाभरात अर्धा तास घराबाहेर, चालत. ढगाळ असलं तरी चालेल, कारण घरातल्या दिव्यांचा उजेड फार तर काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो आणि ढगाळ दिवशीही बाहेर तो हजारांच्या घरात जातो. उजाडायच्या आत कामावर जावं लागत असेल तर १०,००० लक्सचा लाइट बॉक्स, म्हणजे प्रखर उजेडाचा दिवा, मिळतो, सकाळी वीस-तीस मिनिटं समोर ठेवायचा, फक्त डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर (मूड टोकाचा वरखाली होणारा आजार) असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. चालायला जायचं मन होणारच नाही, ते गृहीत धर आणि बूट घाल. रात्री एका जाड पांघरुणाऐवजी दोन-तीन पातळ घे म्हणजे एक सरकवता येतं, खोली गारच ठेव. दुपारनंतर चहा-कॉफी बंद, हे तुला आवडणार नाही माहितीये. आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचे व्यायाम कर, हाडांसाठी तर हवेतच, झोपेलाही मदत होते.

ऑफिसात डोक्याचं काम सकाळी उरकून टाक आणि मेल, फाइलिंग वगैरे दुपारी. मीटिंगला चार मुद्दे कागदावर घेऊन जा. शब्द अडला तर "थांबा, शब्द आठवत नाहीये" म्हणून पुढे जा, लोकांना त्याचं तुझ्याइतकं काही वाटत नाही.

हे सगळं करतानाच रक्त तपासून घे. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी१२, व्हिटॅमिन डी. थायरॉईड मंदावला की थंडी सोसत नाही, सुस्ती येते, विसरायला होतं, म्हणजे थेट तुझं पत्रच! आणि अंगावरून जास्त जात असेल तर लोह कमी झालेलं असू शकतं. सगळं मेनोपॉजच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायची घाई मला अजिबात पटत नाही, मग ती डॉक्टरांनी केली तरी.

हॉर्मोनच्या गोळ्या किंवा पॅचला तू घाबरतेस असं दिसतंय. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना त्याचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताची गुठळी किंवा स्ट्रोक होऊन गेला असेल तर गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी बिनहॉर्मोनची औषधं आहेत. नुसत्या विसराळूपणासाठी ही ट्रीटमेंट देत नाहीत, पण घाम थांबून झोप लागली की डोकंही बरंचसं हलकं होतं.

दोन आठवडे सतत उदास वाटलं, कशातच राम वाटेना, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले तर मात्र थंडी संपायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा आणि घरात एकाला तरी सांगायचं. नवऱ्याला "हा आळस नाही" असं भाषण ऐकवत बसू नकोस, सरळ अपॉइंटमेंटला बरोबर ने. जाताना पाळीच्या तारखा, रात्री किती वेळा जाग येते आणि ती तुझी यादी एका कागदावर लिहून ने, नाहीतर आत गेल्यावर नेमकं तेच आठवायचं नाही.