अंदाज आणि उत्तर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सातवीच्या मुलांना जागतिक नागरिकत्व शिकवायचं म्हणून पहिल्याच दिवशी पृथ्वीगोल आणि झेंड्यांचे तक्ते काढू नकोस. झेंडे मुलं दोन दिवसांत पाठ करतात आणि 'गरीब देशांतली मुलं बिचारी' एवढंच घेऊन घरी जातात. ते 'बिचारी' काढून टाकणं हेच मुख्य काम आहे. समोरच्याचं दुःख आपल्याला आधीच कळलंय असं धरून चालली की मुलं कीव करायला शिकतात. विचारायला लागली आणि अंदाज चुकल्यावर तो खोडायला लागली, की समानुभूतीची सवय लागते.

सुरुवात शाळेच्या भागातूनच कर. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई पुण्यात घरोघर कचरा घ्यायला येतात. संस्था 2008 पासून हे काम करते. तिची मुळं 1993 साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेत आहेत. अशा एका ताईंना वर्गावर बोलाव, पण त्याआधी एक पूर्ण तास तयारीला दे.

त्या तासाला वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे 'माझा अंदाज', उजवीकडे 'त्यांचं उत्तर'. डावीकडे तीनच गोष्टी लिहायच्या: त्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल, कामातलं काय आवडत असेल, आमच्या घराकडून काय हवं असेल. मग चाळीस मुलांचे पाच-पाचांचे आठ गट कर. प्रत्येक गटाचे दोन प्रश्न, म्हणजे सोळा. त्यातले सहाच ठेव. 'तुम्ही शिकला का नाहीत?' हा प्रश्न हमखास येतो. तो तू खोडू नकोस. 'हाच प्रश्न कुणी तुमच्या आईला चारचौघांत विचारला तर?' एवढं विचार, मुलं स्वतःच खोडतात.

डावीकडे बहुतेकांनी 'घाण वास' लिहिलेलं असतं. उजवीकडे बरेचदा वेगळंच येतं: सुक्या कचऱ्यात दडवलेले डायपर, कागदात न गुंडाळता टाकलेली फुटकी काच, सोसायटीत लिफ्ट वापरू न देणं. दोन रकान्यांतला हा फरक मुलांनी मोठ्याने वाचायचा. तुझं व्याख्यान नको.

हा तास बिघडतो तो ठरावीक कारणांनी. सकाळची फेरी झाली की भंगाराची छाटणी असते आणि ती वेळ ताईंच्या कमाईची असते. म्हणून वेळ त्यांनाच विचार आणि त्या वेळेचं मानधन दे. शाल-श्रीफळ देऊन सत्कार केलास तर कार्यक्रम होतो, प्रश्न गळून जातात. त्यांना खुर्ची दे आणि मुलांना गोल बसव. आणि सगळ्यात जपायचं ते असं, की वर्गातल्या एखाद्याची आई, आजी हेच काम करत असेल. आधी माहिती काढ, त्या मुलाशी एकट्याने बोल. त्याला हा तास नको असेल तर दुसऱ्या कामाची निवड कर. रिक्षावाले काका, शाळेचे शिपाईमामा, कुणीही चालेल. मुलाला नमुना म्हणून उभं करणं कधीही नको.

हे जमलं की नकाशाकडे जा, आणि पहिली गोष्ट कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची घे. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून त्यांना सोव्हिएत राजवटीने 1940-41 मध्ये सायबेरिया, कझाकस्तानकडे नेलं. मग इराण, कराची आणि शेवटी कोल्हापूर. हा मार्ग मुलांनी ॲटलासमध्ये दोऱ्याने मोजायचा आणि प्रमाणपट्टीवरून किलोमीटर काढायचे. युरोपातली माणसं निर्वासित आणि आसरा देणारं कोल्हापूर, हे कळल्यावर देणारे कोण आणि घेणारे कोण याची मुलांच्या मनातली ठरून गेलेली वाटणी हलते. इथेही तीच दोन रकान्यांची वही. 'त्या मुलांना काय आठवत असेल?' डावीकडे. उजवीकडे फक्त तिथे राहून गेलेल्यांनी स्वतः सांगितलेलं. 'असं वाटलं असेल' हे उजवीकडे चालायचं नाही, जागा रिकामी राहिली तरी.

भूगोलाच्या बाईंशी आत्ताच बोलून ठेव. दोरा आणि नकाशासाठी सलग दोन तास लागतात, आणि सहामाही जवळ आली की ते मिळत नाहीत.