स्पंजच्या छातीचा पोशाख

न्यू जर्सीहून एका आईचे पत्र आले आहे. अकरा वर्षांच्या मुलासाठी हॅलोविनला आणलेला सुपरमॅनचा पोशाख, तो दिवस उलटून चार महिने झाले तरी, मुलगा घरात अंगावरून उतरवायला तयार नाही. पोहण्याच्या वर्गात सदरा काढावा लागतो, म्हणून दर शनिवारी सकाळी त्याचे पोट दुखते. मागच्या आठवड्यात त्याने बाबांकडे प्रोटीन पावडरचा डबा मागितला. "आधी ताटातली भाजी संपव," म्हणून बाबा हसले, मुलगा रडला, आणि मग "मुलगा असून रडतोस काय?" हेही झाले. "ताई, घरातली कॉमिक्स बंद करावीत का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

बंद करू नका. पावडरीचे उत्तर दोन वाक्यांत देते: मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज असला डबा घरात आणू नये, आणि ही गोष्ट डॉक्टरांनीच त्याला समोर बसवून सांगितलेली बरी. पोहण्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा मिळतो; तो घालायची परवानगी मागा आणि या शनिवारची पोटदुखी तेवढ्यापुरती तरी थांबवा. उरलेला प्रश्न मात्र इतका सोपा नाही.

तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात तो पोशाख उलटा करून वाळत घातलेला आहे. आतून पिवळसर स्पंजचे तुकडे दिसतात, छातीचे दोन आणि पोटाचे सहा. डाव्या बगलेशी शिवण उसवली आहे आणि तिथे काळ्या दोऱ्याचे टाके घातले आहेत, बहुधा तुम्हीच. हे फुगवटे मूळ चित्रांत इतके नव्हते. सुरुवातीच्या वर्षांतला सुपरमॅन आखाड्यातल्या पहिलवानासारखा, अंगाने भरलेला पण माणसासारखाच दिसे. १९९०च्या दशकात अमेरिकी चित्रकारांनी खांदे आणि दंड अशक्य आकाराचे काढायला सुरुवात केली, चित्रपटांतल्या नायकांना घडीव छातीचे पोशाख मिळाले, आणि आता तेच स्नायू स्पंजचे होऊन दुकानात मापाप्रमाणे मिळतात. अकरा वर्षांच्या मुलाला हा हिशेब कोणी सांगितलेला नसतो. त्याला वाटते, आपल्यातच काही कमी आहे.

तरीही तो या नायकांना धरून बसला आहे, ते केवळ दंडांसाठी असेल असे मला वाटत नाही. सुपरमॅन १९३८ साली वाचकांसमोर आला. तो घडवणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलंडमधले तरुण होते आणि दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले होते. त्यांचा नायक मूळ घर कायमचे गमावून आलेला आहे. त्याचे जन्माचे नाव काल-एल, पण कचेरीत तो चष्मा लावणारा, अंग चोरून वागणारा क्लार्क असतो. तुमच्या मुलाच्या नावाची शाळेत पहिली दोनच अक्षरे उरली आहेत, असे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. दोन नावांनी जगणे म्हणजे काय, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत असावे.

१९६२ साली आलेला स्पायडरमॅन तर पंधरा वर्षांचा, आईबाप नसलेला, वर्गात पुस्तकी किडा म्हणून हिणवला जाणारा मुलगा आहे. तो म्हाताऱ्या काकूबरोबर राहतो, पैशांच्या काळजीत असतो आणि फाटलेला पोशाख स्वतः सुईदोऱ्याने शिवतो. १९६६ सालच्या एका अंकात तो अवजड यंत्राखाली अडकतो, वरून पाणी गळू लागते, आणि त्याची सारी धडपड काकूचे औषध वेळेवर पोहोचवण्यासाठी असते. २००४मध्ये याच नायकाचा भारतीय अवतार निघाला. त्यातला पवित्र प्रभाकर शिष्यवृत्ती मिळवून खेड्यातून आमच्या मुंबईत येतो आणि वर्गातली मुले त्याच्या धोतरावरून त्याला छळतात. पुढे त्याला शक्ती मिळते तेव्हा कोळ्याच्या जाळीच्या नक्षीखाली, त्या पोशाखातही, धोतर कायम असते. चित्रकाराला ही गोष्ट सुचली याचे मला आजही कौतुक वाटते. हा अंक मिळाला तर मुलाबरोबर बसून वाचा. उपदेश मात्र करू नका. इतकेच विचारा, की याने आपली शक्ती घरी का सांगितली नसेल.

कारण या कथांत मला खटकते ते नेमके इथे. प्रश्न अखेर ठोशानेच सुटतो, हे एक वेळ चालेल. पण पुरुषाने जिवाभावाच्या माणसांपासून सगळे लपवायचे आणि त्याला त्याग म्हणायचे, ही शिकवण स्पंजच्या छातीपेक्षा खोल रुजते. आणि ती फक्त कॉमिक्समधून येत नाही.

गिरगावात आमच्या चाळीत इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवटाधारी नायक वेताळ हातोहात फिरत असे. माझा धाकटा भाऊ वेताळाच्या अंगठीवरची कवटी शाईने मुठीवर काढून घेई आणि आंघोळीच्या वेळी ती पुसली की रुसून बसे. त्याच्या लेखी आमचे वडील वेताळाच्या तोडीचे होते. चाळीच्या गणपतीचे विसर्जन चौपाटीवर व्हायचे, इतर पुरुष मूर्ती घेऊन कमरेएवढ्या पाण्यात जायचे, आणि वडील दरवर्षी वाळूत सगळ्यांच्या चपला राखत उभे असायचे. कोणीतरी हे करायलाच हवे, असे ते म्हणत, आणि आम्हाला तो त्यांचा मोठेपणा वाटे. त्यांना पाण्याची भयंकर भीती वाटत होती, हे आईने आम्हाला ते गेल्यावर सांगितले. भाऊ तेव्हा चाळिशीत होता आणि त्याला स्वतःला अजून पोहता येत नव्हते. "मला आधी सांगितलं असतं तर," एवढेच तो म्हणाला.

म्हणून माझा सल्ला मुलापेक्षा त्याच्या बाबांसाठी आहे. "रडतोस काय" हे वाक्य त्यांनाही कोणीतरी ऐकवलेले असणार. परदेशात पहिल्या वर्षी काय जमले नाही, कुठे उच्चारावरून लोक हसले, कशाची भीती वाटली, यातले एखादे त्यांनी मुलाला सांगावे. समोर बसवून, गंभीर चेहरा करून सांगू नये. शनिवारी वर्गाला सोडायला जाताना गाडीत, दोघांची नजर रस्त्यावर असताना सांगावे. शेवटी "पण मी हरलो नाही" हे जोडण्याचा मोह आवरावा. मुलगा काही बोलला नाही, तरी चालेल.

पोशाख तुम्ही काढून घेऊ नका. तो स्वतः उतरवील, किंवा उंची वाढली की शिवण पुन्हा उसवेल. तेव्हा सुईदोरा त्याच्याच हाती द्या.

हे उत्तर यजमानांना दाखवू का, असे तुम्ही विचारले आहे. अवश्य दाखवा, पण चपलांचा परिच्छेद आधी वाचू द्या.