ठाण्यात राहून रिव्हॉल्व्हर घेता येतं का, आणि पिस्तुलाहून ते वेगळं कसं?

येतं, पण परवाना लागतो. ठाणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात करायचा. जिवाला धोका असल्याचं कारण सांगितलंत तर ते पटवून द्यावं लागतं, नुसती हौस चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असतात, बहुधा सहा. पिस्तुलात त्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काढता येणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत असतात. इथे एक घोटाळा हमखास होतो: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं, असं लोक समजतात. नळीत एक गोळी उरलेली असू शकते! चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळीची जागा, उघडून पाहिल्याशिवाय कधीच विश्वास ठेवू नका.

.३२ बोअरचं शस्त्र (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) सामान्य नागरिकाला मिळू शकतं, ९ मिमी प्रतिबंधित. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात.