ऑपरेशन करूनही वजन परत वाढतंय, म्हणजे माझंच चुकलं का?

बॅरिअॅट्रिक सर्जरीनंतर, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर केलेल्या ऑपरेशननंतर, तीन-चार वर्षांनी माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न बहुतेकदा हाच असतो. आधी झपाट्याने वजन उतरतं, सगळे कौतुक करतात, मग काटा हळूहळू वर सरकू लागतो. त्या सरकणाऱ्या काट्यापेक्षा माणसं लाजेने जास्त खचतात. आणि लाजेपायी तपासणीला जाणं थांबवतात, हे मला फार काळजीचं वाटतं. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

ताई माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. चार वर्षांपूर्वी त्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. यात जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढून नळीसारखा भाग ठेवतात. तेव्हा वजन ११२ किलो, उंची १५५ सेंटीमीटर, मधुमेह, आणि गुडघे इतके दुखायचे की वर्गात खुर्ची सोडवत नव्हती. दीड वर्षात त्या ७६ किलोवर आल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा ८५ होत्या.

"मॅडम, माझ्यात काही दमच नाही. एवढं पोट कापून घेतलं तरी मी जिभेला आवर घालू शकले नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. घरी सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढे पैसे घातले, काय उपयोग झाला?" शाळेत तर आणखीच अवघड, कारण तिथे ऑपरेशनचं कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना "डाएट केलं" असं सांगितलं होतं.

या गुपिताबद्दल जरा थांबून बोलायला हवं. शस्त्रक्रिया लपवणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, आणि त्यांचं कारण मला कळतं. आपल्याकडे लठ्ठपणा म्हणजे आळस आणि ऑपरेशन म्हणजे पळवाट, असं सर्रास बोललं जातं. पण "डाएट केलं" म्हटलं की सगळं श्रेय मनोनिग्रहाला जातं, आणि वजन वाढलं की दोषही त्यालाच लागतो. स्टाफरूममध्ये सहकारी डाएट विचारायच्या, तेव्हा ताई मनातून कानकोंड्या व्हायच्या. नंतर त्याच सहकारी "काय, डाएट सुटलं वाटतं?" म्हणू लागल्या, तेव्हा खरं सांगायचा रस्ता त्यांना बंद झालेला वाटला. मधल्या सुट्टीत त्या डबा घेऊन रिकाम्या वर्गात बसू लागल्या.

मी त्यांना धीराचे शब्द दिले नाहीत. गणिताच्या शिक्षिका आहेत, तर हिशेबच मांडू म्हटलं. १५५ सेंटीमीटर उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) २५ धरला तर वजन येतं ६० किलो. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी जादा वजन ५२ किलो होतं. त्यातलं आज कमी झालेलं किती? त्यांनीच कागदावर लिहिलं: ११२ वजा ८५, २७ किलो. ५२ पैकी २७, म्हणजे जवळपास ५२ टक्के.

मग मी त्यांना फिनलंडमधल्या स्लीव्हपास या अभ्यासाबद्दल सांगितलं. २४० रुग्णांपैकी निम्म्यांना स्लीव्ह आणि निम्म्यांना बायपास (यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात), अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. पाच वर्षांनी स्लीव्ह गटात जादा वजनातली सरासरी घट होती ४९ टक्के. दहा वर्षांनी ती ४३-४४ टक्क्यांच्या आसपास आली. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला, शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास आणखी जुना. तिथेही बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या ३२ टक्क्यांनी घटलं आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. शस्त्रक्रिया न झालेल्या गटाचं वजन मात्र इतक्या वर्षांत जवळपास होतं तिथेच राहिलं.

ताई कागदाकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे मी नापास नाही?"

नव्हत्याच. त्या अगदी सरासरीच्या आसपास होत्या. पण त्या स्वतःला ७६ च्या आकड्याशी ताडून बघत होत्या, ११२ शी कधीच नाही. तळाचं वजन कायम टिकेल अशी आशा बहुतेकांच्या मनात रुजते, आणि ऑपरेशनपूर्वीच्या घाईत "पुढे थोडं वाढेल" हे वाक्य कानावर पडलं तरी मनात शिरत नाही. ते कुटुंबासमोर, शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे.

वजन का वाढतं, यालाही शरीराची कारणं आहेत. वजन घटलं की शरीर कमी ऊर्जेत काम भागवायला शिकतं. जठराचा वरचा भाग काढल्याने भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, कमी होतं आणि सुरुवातीला भूक जाणवतच नाही, पण हा काळ सरतो. ताईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. भाकरी, चपाती घशाशी अडकल्यासारखी व्हायची, म्हणून त्या चहात बुडवलेली बिस्किटं, साबुदाण्याची खिचडी, शिरा अशा मऊ खाण्याकडे वळल्या होत्या. असं खाणं त्या अरुंद नळीतून सहज उतरतं, पोट भरल्याची जाणीव देत नाही, आणि थोड्या वेळाने पुन्हा काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. यात जिभेचे चोचले कुठे आले? अडकणाऱ्या घासावर त्यांनी आपल्यापरीने काढलेला तो उपाय होता. आहारतज्ज्ञांकडे गेल्या असत्या तर घास बारीक चावणं, आधी उसळ-पनीर-डाळ आणि मग पोळी, हे सहज सांगितलं गेलं असतं. पण त्या दोन वर्षं गेल्याच नव्हत्या. "काट्यावर उभं राहायची लाज वाटते."

मी सहज विचारलं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू आहेत का? त्याही बंद. आणि गेले काही महिने तळपायांना मुंग्या येत होत्या. जठर लहान झालं की बी १२ नीट शोषलं जात नाही. त्यात ताई शाकाहारी. बी १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची तपासणी आणि पूरक गोळ्या स्लीव्हनंतर आयुष्यभराच्या असतात, वजन वाढो की घटो. बी १२ ची कमतरता फार काळ राहिली तर नसांना कायमची इजा होऊ शकते. म्हणून मी त्यांना त्याच आठवड्यात सर्जनकडे जायला सांगितलं, आणि यजमानांना सोबत न्यायला. वजन बघायचं नसेल तर काट्याकडे पाठ करून उभं राहता येतं, हेही सांगितलं. बऱ्याच जणांना एवढ्यानेच पाऊल उचलवतं.

आणखी एक प्रश्न मी शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत विचारते: जगणं नकोसं वाटतं का? स्वीडनमधल्या दोन मोठ्या अभ्यासांत आत्महत्या आणि स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये तुलनेने जास्त दिसलं. एकूण संख्या कमी होती, आणि १९८७ साली सुरू झालेल्या त्याच स्वीडनच्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले लोक सरासरी सुमारे तीन वर्षं जास्त जगले, हेही खरं. त्यामुळे घाबरून जाऊ नये, पण विचारणं टाळूही नये. दारू पिणाऱ्यांनाही मी विचारते, कारण या शस्त्रक्रियांनंतर, विशेषतः बायपासनंतर, दारू लवकर आणि जास्त चढते. ताईंना जगणं नकोसं वाटण्याचे विचार नव्हते. ज्यांना येत असतील त्यांनी सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर कोणत्याही वेळी फोन करावा, मराठीतही बोलता येतं.

तपासणीत बी १२ खूप कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली, मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. साखर मात्र एका गोळीवर आटोक्यात होती. ऑपरेशनपूर्वी तीन गोळ्या लागायच्या, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. यजमानांनी ते सासूबाईंना सांगितलं. ताईंनी वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दलही विचारलं. मौंजारो आणि वेगोवी २०२५ पासून आपल्याकडे मिळतात, पण ती घ्यावीत की नाही हा निर्णय मी त्यांच्या डॉक्टरांवर सोडला.

शाळेतल्या एका मैत्रिणीला त्यांनी खरं काय ते सांगितलं आहे. बाकीच्यांना सांगायचं की नाही हे त्यांचं त्या ठरवतील, मी घाई करत नाही. सध्या आमचं बोलणं त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलीबद्दल चाललंय. तिचंही वजन जास्त आहे, आणि "आई, तुझं डाएट मला सांग ना," असा तिचा हट्ट आहे. तिला खरं सांगायचं हे ताईंनी पक्कं केलंय. कसं सांगायचं, यावर आम्ही दोघी मिळून काम करतोय.