सोलर पंप घेऊ की लाइनची वाट पाहू? आधी विहीर मोजा

दारव्हा तालुक्यातल्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: सात एकर वावर, एक विहीर, वीज कनेक्शनचा डिमांड (मंजुरीचे पैसे) भरून तीन वर्षं झाली, खांब अजून उभा नाही. आता सोलर पंपाचा मेसेज आला आहे, तर घेऊ का? घरावर तीन किलोवॅट टाकू का? गोबरगॅस परवडतो का? आणि एक एजंट चार एकर सोलर प्लांटला भाड्यानं मागतो, त्याला काय सांगू?

माझं वावर आर्वी तालुक्यात. बावीस वर्षं लाइनवर, म्हणजे खांबावरच्या विजेवर, ओलीत केलं. चार हंगामांपूर्वी दुसऱ्या वावरातल्या विहिरीवर पाच एचपीचा सोलर बसवला. दोन्ही वापरतो, म्हणून दोन्हीला शिव्या द्यायचा हक्क आहे.

भाऊ, तुमच्या प्रश्नात एचपी आहे, किलोवॅट आहे, भाडं आहे. विहिरीला पाणी किती, ते कुठंच नाही. सोलरचं अर्धं गणित तिथंच आहे.

दोरीला दगड बांधा, फुटाफुटावर गाठी मारा. दोन-तीन दिवस भाड्याचं इंजिन लावून विहीर उपसा, संध्याकाळी इंजिन बंद करून पाणी किती ते पाहा, सकाळी परत पाहा. २० फूट व्यासाची विहीर असेल तर एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. माझ्या विहिरीला डिसेंबरात रात्रभरात सहा फूट पाणी येतं, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या वर. मार्चात तेच दीड फुटावर येतं.

आता दुसरी बाजू. पाच एचपीच्या सोलर पंपाला ४,८०० वॅटचे पॅनल असतात. पाणी शंभरेक फुटांवरून उचलायचं असेल तर चांगल्या उन्हाच्या दिवशी तो लाखभर लिटर पाणी काढतो. आणि एक एकरावर एक इंच पाणी उभं करायचं तर लागतं तेही लाखभर लिटरच. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, एजंट समोर बसला की उपयोगी पडतात. माझा पंप भर हरभऱ्यात दुपारी दीडला विहीर कोरडी करून बंद पडतो. कंट्रोलर (पंप चालवणारी पेटी) पाणी संपल्याचं ओळखतो म्हणून मोटर जळत नाही, एवढंच. पॅनल मात्र चार वाजेपर्यंत उगाच ऊन खात बसतात. मला तीन एचपी पुरला असता. गावात सगळ्यांनी पाच घेतला म्हणून मीही घेतला.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. तुमच्या सात-बाऱ्यावर साडेसातचा मिळेल. मिळतो म्हणून घेऊ नका. पात्र आहात त्यापेक्षा कमी क्षमतेचा मागता येतो, आणि तुमचा हिस्सा १० टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के) असल्यामुळे पंप लहान तर पैसेही कमी. विहिरीला पाणी बारमाही असेल तर साडेसात घ्या, माझी काही हरकत नाही.

लाइन आणि सोलर यांतला खरा फरक बिलाचा राहिलेला नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत आहे, म्हणजे लाइनवाल्याला आज बिलच नाही. फरक आहे वेळेचा. लाइनची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. थंडीच्या रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायची (पाटाचं पाणी वळवायचं), पायाखाली काय आहे ते दिसत नाही, धुऱ्यावर डुकरांची खसपस. बाबा गेले ते आजारानं गेले, पण त्यांच्या गुडघ्यांची वाट त्या रात्रींनीच लावली. आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की ऐन गव्हात आठ-दहा दिवस वायरमनच्या मागं फिरा. सोलर पंप नऊला चालू होतो, चारला बंद होतो, माणूस रात्री घरी झोपतो. मला विचाराल तर याच एका गोष्टीसाठी तो घ्यावा.

पण सोलरचं पाणी लाइनसारखं एका दमात येत नाही. सकाळी बारीक धार, बारा-एकला फुल, तीननंतर परत बारीक. पाटानं ओलीत असेल तर चालून जातं. स्प्रिंकलर असेल तर डोकं फिरतं. पहिल्या वर्षी मी सवयीनं बारा नोझल जोडले. साडेनऊला पाहतो तर एकही फिरत नाही, नोझलमधून पाणी नुसतं गळतंय आणि बुडाशी हरभऱ्यात डबकं. स्प्रिंकलरला दोन-अडीच किलोचं प्रेशर लागतं, म्हणजे पंपाच्या हिशेबात विहीर आणखी ७०-८० फूट खोल झाली. आता सकाळी पाच नोझल, अकरानंतर आठ. ठिबकला हा त्रास कमी. धुऱ्यावर उंचवटा असेल तर टाकं बांधा, दिवसभर जसं येईल तसं पाणी भरा, तिथून सोडा. बॅटरीपेक्षा टाकं कधीही स्वस्त.

पावसाळ्यात ढग असतात, मग काय, असं लोक विचारतात. अहो, पावसाचा खंड पडतो तेव्हा ऊन असतंच, आणि सोयाबीनला पाणी त्याच वेळी लागतं. खरी पंचाईत डिसेंबरातल्या ढगाळ आठवड्याची. तेव्हा गप बसायचं.

आपल्याकडं ऊन रग्गड, म्हणून मे महिन्यात सोलर सगळ्यात जास्त चालेल, असा एक समज आहे. पॅनलचा वॅट मोजतात २५ अंशाला. आपल्या ४५ अंशांत पॅनल स्वतः ६५-७० अंशांवर जातो, आणि दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे पॅनलला ऊन हवं, ताप नको. दुपारी कंट्रोलरवरचा आकडा छापील वॅटपेक्षा सातवा-आठवा हिस्सा कमी दिसला तर कंपनीशी भांडू नका. धुळीबद्दल मात्र स्वतःशीच भांडा. पॅनल सकाळी थंड असताना धुवायचे, तापलेल्या काचेवर पाणी मारायचं नाही. अकोला-बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यानं धुवून तसंच वाळू दिलं की काचेवर पांढरे डाग चढतात, ते घासूनही जात नाहीत. तिकडच्यांनी लगेच फडक्यानं पुसून घ्यावं. आणि स्ट्रक्चर हातानं कलवता येत असेल तर हिवाळ्यात उभट, उन्हाळ्यात सपाट. पाच मिनिटांचं काम आहे, माझ्या आसपास कोणी करत नाही.

बिघाडाचं सांगतो. दुसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या वादळात वीज जवळच कुठं तरी कडाडली आणि कंट्रोलर गेला. पाच वर्षं देखभाल फुकट आहे, पण ज्या कंपनीनं बसवला तिचा मेकॅनिक तीन जिल्ह्यांना एक. एकोणीस दिवसांनी आला, वीस मिनिटांत पेटी बदलून गेला. खरीप होता म्हणून निभावलं, रब्बीत हरभरा गेला असता. म्हणून बसवतानाच अर्थिंगचा खड्डा डोळ्यांसमोर खणून घ्या, तडित रोधक लावला का ते पाहा, कंट्रोलरवरच्या कोडचा फोटो काढा, तक्रार नंबर लिहून ठेवा. फोनवर 'पाहतो भाऊ' म्हणाले, याला तक्रार म्हणत नाहीत.

एक गोष्ट आवडणार नाही तरी लिहितो. बिल नाही आणि रात्रीचा जाच नाही, म्हटल्यावर पंप कोण बंद करणार? वरुड-मोर्शीचा संत्रा पट्टा पाहा. तिथं भूजलाचा उपसा भरण्यापेक्षा जास्त झाला, बोअर खाली खाली गेले, आणि हे झालं लाइनवरच. सोलरला तर तेवढाही लगाम नाही. म्हणूनच मी दोरीचं एवढं लावून धरलं.

घराचं. तुमचं बिल महिन्याला ८०-९० युनिटचं आहे म्हणता. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे महिन्याचे १२०. तीन किलोवॅट कशाला? 'पीएम सूर्य घर'चं अनुदान दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागं ३०,००० आणि तीनला ७८,००० आहे, तो आकडा दाखवून तीन गळ्यात मारतात. शंभर युनिटच्या आतला दर मुळातच कमी, त्यामुळं तुमचा पैसा वसूल व्हायला वेळ लागेल. दुसरं, साधं ग्रिडवालं सोलर लाइन गेली की स्वतःही बंद होतं. वायरमन खांबावर असताना तुमच्या छतावरची वीज तारेत जाऊ नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. भारनियमनात पंखा हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, आणि मग खर्च वेगळाच. १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, ती टिकवायची तर निम्मेच वापरा. एक पंखा, दोन दिवे रात्र काढतात. कूलर नाही.

गोबरगॅसला मात्र मी नावं ठेवणार नाही. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी. बांधून ठेवलेली चार-पाच जनावरं असतील तर होतं. महिन्याला जवळपास दोन सिलिंडरचा गॅस आणि वर स्लरी, जिची किंमत मी गॅसपेक्षा जास्त धरतो. थंडीत गॅस कमी होतो, उन्हाळ्यात भरपूर होतो पण तेव्हा पाणी नसतं. आमच्या गावातले निम्मे प्लांट बंद पडले ते बिघाडानं नाही. ट्रॅक्टर आला, बैल विकले, शेण संपलं. तुमच्या गोठ्यात काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही.

एजंटचं. सौर कृषी वाहिनी योजनेत भाडं हेक्टरी १,२५,००० रुपये वर्षाला, म्हणजे एकरी ५०,०००, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. कोरडवाहू कापसाला हा भाव ऐकून झोप येत नाही, मला कळतं. पण जमीन उपकेंद्राजवळ लागते आणि करार पंचवीसेक वर्षांचा, म्हणजे तुमचा पोरगा चाळिशीत जाईपर्यंत. सात-बाऱ्यावर भावा-बहिणींची नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या. 'फाइल पुढं सरकवायला' आधी पैसे मागणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. द्यायचंच असेल तर खडकाळ, मुरमाड तुकडा द्या, विहिरीचं काळं वावर नको.

पवनचक्कीचं मेहुण्यानं सुचवलं म्हणता. सातारा-धुळ्याकडच्या पठारांवरचा वारा आपल्या वावरात नाही, विषय संपला.

वरतून कोणी तरी लिहिलं आहे की सोलर हे सगळं शहरवाल्यांचं फॅड. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची वीजकेंद्रं पाहा. कोळसा आपला, राख आपल्या नाकात, आणि रात्रीची पाळीही आपल्यालाच. त्यात दिवसा पाणी देणारी एक गोष्ट वावरात आली तर तिला फॅड म्हणायला मी तरी तयार नाही.

हो, आणि पंप घेतलात तर त्याच वेळी झटका मशीन (कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारं) घ्या, छोट्या पॅनलवर चालतं. रोही (नीलगाय) आणि डुकरांपासून जागल वाचते. तारेत लाइनचा करंट मात्र कोणी कितीही सांगितलं तरी सोडायचा नाही. माणसं मेली आहेत, गुन्हेही दाखल झाले आहेत.

विहिरीचा व्यास, सकाळ-संध्याकाळची पातळी आणि गोठ्यातली जनावरं इथंच लिहा. मग तीन की पाच ते सांगतो. साडेसातचा अर्ज तोवर भरू नका.