दिवाळीच्या हंगामात कुरिअरचा खर्च वाढतो, तेव्हा निपाणीतील लहान विक्रेत्याने काय करावे?

आपण निपाणीहून कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकता, दसरा ते दिवाळी या काळात कुरिअरचा खर्च इतका वाढतो की जोडीमागे हाती काही उरत नाही, तेव्हा किंमत वाढवावी की कुरिअर बदलावे, असा आपला प्रश्न आहे. मी अथणीच्या कारागिरांकडून चपला घेऊन बेळगावातून विकतो, त्यामुळे हा हिशेब दरवर्षी माझ्याही वहीत येतो. माझा सल्ला असा की, या दोन्हींपैकी काहीही करण्याआधी गेल्या हंगामाची बिले ओळ न् ओळ वाचावीत. ज्याला आपण सणाची दरवाढ म्हणतो तिच्यात खरी दरवाढ थोडी असते. बाकीची रक्कम खोक्याच्या आकारातून आणि परत आलेल्या मालातून उभी राहिलेली असते.

दर का चढतात, हे गूढ नाही. गाड्या भरलेल्या असतात, हबमध्ये, म्हणजे कुरिअरच्या माल छाननीच्या केंद्रात, हंगामी माणसे घ्यावी लागतात आणि वर्षाचा करार असलेल्या मोठ्या विक्रेत्यांचा माल आधी चढतो. महिन्याला शे-दोनशे पार्सले देणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हाती त्यात काही नसते, म्हणून तेथे डोके शिणवू नये.

खोक्याचे मात्र आपल्या हाती असते. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांतील जे जास्त असेल ते धरतात. आकारमानी वजन म्हणजे लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार भागिले बहुधा 5000. मी पूर्वी बुटांचे तयार खोके वापरत असे. ते 32 गुणिले 20 गुणिले 12 चे, म्हणजे 1.54 किलोचे, आणि अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे बिल लागे थेट 2 किलोचे; आत चपलांचा जोड मात्र पाऊण किलोचाही नसे. आता एका चपलेची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे येईल अशा उलटसुलट ठेवून, मध्ये जाड कागद घालून, 31 गुणिले 14 गुणिले 10 च्या खोक्यात बसवतो, ते 0.87 किलो भरते आणि 1 किलोच्या टप्प्यात जाते. खोके बंद केल्यावर काट्यावर ठेवून, कडेला मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवावा. एका हंगामात एका कंपनीने माझ्या चाळीसेक पार्सलांचे वजन हबमध्ये फुगवून लावले होते. ज्यांचे फोटो होते त्यांचेच पैसे परत मिळाले.

दुसरी गळती कॅश ऑन डिलिव्हरीची. समजा, 100 पार्सले गेली, पार्सलमागे जाण्याचे 90 आणि परतीचे 80 रुपये पडले आणि 20 पार्सले परत आली. म्हणजे 3400 रुपये बुडाले आणि पोहोचलेल्या 80 जोडांवर प्रत्येकी साडेबेचाळीस रुपयांचा भार आला. सणाचा अधिभार पार्सलमागे 10 रुपये धरला, तरी तो याच्यापुढे किरकोळ आहे. माझ्या अनुभवात चपला परत येतात त्या मुख्यतः मापामुळे, म्हणून मी गिऱ्हाइकाला पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारायला आणि पट्टीने लांबी मोजून फोटो पाठवायला सांगतो, शिवाय 100 रुपये आगाऊ घेतो. तेवढेही करण्याचा ज्याला कंटाळा येतो, तो पुढे पार्सलही नाकारण्याचा संभव अधिक, असे माझे मत झाले आहे.

आता आपल्या सीमाभागाची खास अडचण. आपल्या दारापासून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर आणि बेंगळुरू साडेपाचशेच्या पुढे. तरीही ज्या कंपन्यांचे झोन, म्हणजे दर ठरवण्याचे विभाग, राज्याच्या हद्दीवर बेतलेले असतात, त्यांच्या लेखी बेंगळुरू घरचे आणि कोल्हापूर परके ठरू शकते. म्हणून दरपत्रक मागताना झोन राज्यावर आहे की अंतरावर, हे आधी विचारावे. डाकखात्याचे स्पीड पोस्ट अंतरावर चालते आणि 200 किलोमीटरपर्यंतचा वेगळा टप्पा असल्याने कोल्हापूर, सांगली ही गावे त्यात येतात. त्याचे दर 2012 नंतर थेट 1 ऑक्टोबर 2025 रोजी बदलले. दुकानदारांना एकगठ्ठा माल पाठवायचा असेल, तर कर्नाटकाच्या परिवहन महामंडळांनी 2021 मध्ये सुरू केलेली ‘नम्म कार्गो’ ही बसपार्सल सेवाही पाहावी. मात्र माल बसस्थानकावरून उचलावा लागत असल्याने किरकोळ गिऱ्हाइकाला ती सोयीची नाही. कागलला गाळा घेऊन महाराष्ट्रातूनच माल पाठवावा, हा विचार आपल्याही मनात आला असेल, पण तेथे माल ठेवून विकायचा तर त्या राज्याचीही जीएसटी नोंदणी लागते. कर्नाटकातील आपली नोंदणी नियमित स्वरूपाची असेल, तर कुरिअरच्या बिलावरील 18 टक्के जीएसटी आपल्याला भरायच्या जीएसटीतून वळता करून घेता येतो. अनेक जण तो खर्चातच धरून बसतात.

राहिला किमतीचा प्रश्न. मी दिवाळीसाठी वेगळे शुल्क लावत नाही. वर्षभराची बिले आणि परतीचा खर्च एकत्र करून, पोहोचलेल्या जोडांनी भागून येणारी रक्कम किमतीतच धरतो आणि घटस्थापनेच्या आधी मागणी नोंदवणाऱ्याला त्यातून 30 रुपये सोडतो, कारण तेव्हा गाड्यांत जागा असते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची मागणी येते, तेव्हाही हीच किंमत राहते.