सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन साताऱ्यात राहायला येतोय. इथले लोक व्यायामाचे भोक्ते आहेत असं ऐकलंय. त्यांचं रोजचं चालणं होईल असा भाग कोणता?

तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला जाऊन बघा, डॉक्टर, शिक्षक, पेन्शनर सगळे चढताना दिसतील. 2012 पासून यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन होते, तिच्यासाठी लोक महिनोनमहिने सराव करतात. माणमधल्या मोही गावची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, तिचं इथे केवढं कौतुक!

पण हा मान पहाटेच्या व्यायामाला आहे. कामासाठी चालण्याला इथे फारशी किंमत नाही. गडाच्या पायथ्यापर्यंत गाडीने यायचं, चढून उतरून पुन्हा गाडीला किक मारायची आणि दूधसुद्धा गाडीवरूनच आणायचं, असं सर्रास चालतं. मी राजवाड्याजवळ राहते आणि पोवई नाक्यापर्यंतची कामं पायीच करते. अंतर दोनएक किलोमीटर. वाटेत कोणीतरी ओळखीचं हमखास गाडी थांबवतं, "काकू, बसा मागे, सोडतो." नको म्हटलं की लगेच, "गाडी बिघडली काय?" विचारतात मायेनंच. पण पिशवी घेऊन चालणारी बाई म्हणजे अडलेली बाई, हे मनात पक्कं बसलंय.

लोकांना तरी किती बोल लावायचा? माझ्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. बाजारपेठेतून त्यांना घेऊन जाताना फुटपाथ चार दुकानं चालतो, मग कुणाच्या तरी पायऱ्या पुढे आलेल्या, त्यापुढे स्टँडला लावलेल्या दुचाकी, मग गटाराचं झाकण चांगलं चार बोटं वर. दर वेळी माझ्या खांद्यावर हात टाकून खाली उतरायचं, पुन्हा वर चढायचं. अंतराने त्या दमत नाहीत, या चढउताराने दमतात. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेप्रमाणे चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. दोन म्हातारी माणसं शेजारी शेजारी बोलत जातील एवढी. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये चालण्यायोग्य फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

मला हे इतकं लागतं ते बायकांमुळे. 2024 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण सुमारे 42 टक्के आहे आणि बायकांचं 57. डबे करायच्या वेळेला गडावर कोण जाणार? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटं. भरभर पावलं टाकली तर मंडईत जाऊन येण्यातच ती भरतात, रस्ता धड असेल तर.

आता भागाचं. जुन्या पेठांत दवाखाना, देऊळ, किराणा सगळं हाताशी, शेजारही बोलका. फक्त गडाकडून खाली येणारे बोळ उताराचे आहेत. गुडघे दुखत असतील तर पूर्व-पश्चिम रस्त्यालगतचं घर बघा. सदरबझार त्या मानाने सपाट आहे, रस्तेही रुंद, झाडं आहेत. तुमच्यासाठी मी आधी तिथेच शोधेन. गोडोलीत तळ्याच्या बाजूला जमलं तरी चांगलं. हायवेलगतच्या नव्या स्कीममध्ये आवारात चालता येतं, पण गेटबाहेर पाऊल टाकलं की भरधाव गाड्या.

घर पसंत पडलं तरी टोकन लगेच देऊ नका. संध्याकाळी सातच्या सुमाराला आईवडिलांना घेऊन त्या घरापासून जवळच्या मेडिकलपर्यंत चालत जाऊन या. दिवे लागतात का, कुत्री अंगावर येतात का, रस्ता ओलांडताना किती वेळ उभं राहावं लागतं, सगळं कळेल. परत आल्यावर, उद्या एकट्या जाल का, हे आईंनाच विचारा.